धामणदऱ्याची दुसऱ्या पाण्याची लढाई

स्वस्ति श्री. गोदामाई जैसी अखंड वाहते तैसी वाचणाऱ्यांची फुरसत अखंड वाहो. पुढे मजकूर ऐसा की, प्रांत नाशिक, तर्फ पिंपळगाव बसवंत, मौजे धामणदरा येथे दगडाच्या इमानाची परीक्षा होऊन घनघोर युद्ध जाहले, त्यात एक लेक, एक बाप, एक कंत्राटदार आणि एक शेळी ऐसे चौघे मातबर गुंतले, आणि मग लोकांनी ते वर्तमान मिसळीच्या टेबलावर ज्याला जैसे रुचेल तैसे तर्री घालून सांगावयास आरंभ केला, सबब खरे काय जाहले ते एके ठिकाणी लिहून ठेवणे प्राप्त जाहले. आम्ही कोणाच्या पक्षाचे नव्हे. शेळीच्या किंचित आहो.

प्रथम मुलुखाची हकिगत. धामणदरा गाव टेकाडाच्या माथ्यावर वसला असून त्याच्या आणि हमरस्त्याच्या मध्ये एक खोल नाला आडवा निजला आहे, आणि त्यास वळसा घालून गावची द्राक्षे पिंपळगावच्या पॅकहाऊसला पोहोचती करावी तर दोन डोंगरसोंडा फिरून खड्ड्यांच्या मुलुखातून जावे लागे, आणि मग जे घड वेलीवरून मोत्यासारखे निघत ते वाटेतच रस सोडून बसत. या वळशाचा जाच सर्वांहून अधिक ज्यांस जाहला ते राजश्री झुंबरआप्पा गांगुर्डे, टेम्पोबहाद्दर. त्यांचा निळा टेम्पो पंचक्रोशीत मशहूर. इंजिन इमानी, भोंगा बुलंद, फक्त हँडब्रेकने बहुत दिवसांपूर्वी राजीनामा दिला होता आणि आप्पांनी तो मंजूरही केला होता. सबब आप्पा जेथे मुक्काम करीत तेथे प्रथम खाली उतरून मागच्या चाकाखाली एक दगड लावीत, आणि मग भोंगा वाजवून आगमनाची वर्दी देत.

ऐसीयास त्या नाल्यावर भराव घालून सरळ रस्ता करावा ऐसे ठरले, आणि कामावर राजश्री रोहितशेठ कंत्राटदार, पोक्लेनचे धनी, शुभ्र शर्टाचे शौकीन, नामजाद जाहले. शेठांनी टेकाड फोडण्यास लावले तो काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये राखी रंगाचा, पापडासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड निघाला. कोरडा असता टणक, ठोकला असता खणखणीत, आणि सर्वांत थोर गुण हा की फुकट. शेठांची मर्जी त्यावर बहुत बसली. हुकूम जाहला की हाच दगड नाल्यात ओतावा आणि द्राक्षकाढणीपूर्वी रस्ता फत्ते करावा. झुंबरआप्पांस हे वर्तमान कळताच ते जातीने टेकाडावर गेले, त्या राखी दगडाचा एक चपटा, पाचरीच्या घाटाचा तुकडा पसंत केला, आणि जुन्या दगडास रजा देऊन त्यास चाकाखालची चाकरी दिली. येथून युद्धाचे बीज पडले.

आता सेनापतीचे वर्णन. झुंबरआप्पांची थोरली कन्या संजनाबाईसाहेब गांगुर्डे, रस्तेखात्यात कनिष्ठ अभियंता. पद कनिष्ठ, परंतु भरावाच्या कागदावर त्यांची सही पडल्याशिवाय रस्ता कायदेशीर होत नसे. वाहन स्कूटी, शिरस्त्राण लाल, वय सव्वीस. बाईसाहेबांनी तो राखी दगड हाती घेतला, नखाने खरवडला, जिभेस लावून पाहिला आणि त्यांचे कपाळास आठी पडली. दगडाचे नाव शेल. हा दगड मूळचा चिखल, कैक युगे दाबात राहून पाषाण जाहलेला, आणि त्याच्यातले काही कुळीचे खरे निघतात, काही पाणी लागताच मूळपदावर येतात. दिसण्यात फरक नाही. तो फरक कळावा म्हणून शास्त्रात परीक्षा सांगितली ती ऐसी: दगडाचे तुकडे भट्टीत सुकवावे, तोलावे, जाळीच्या ढोलात घालून पाण्यात गरगर फिरवावे, जैसे रंगपंचमीस नाशिककर एकमेकांस रहाडीच्या रंगीत हौदात बुचकळतात तैसे. मग उरले ते पुन्हा सुकवावे, पुन्हा तोलावे. आणि मग पुन्हा पाण्यात घालावे. एकवार नव्हे, दोनवार. दुसऱ्या पाण्यानंतर जाळीत जो उरला तो दगड, बाकी गाळ.

बाईसाहेबांनी शेठांस कळविले की परीक्षा होईतो सही होणार नाही. शेठांनी कळविले की परीक्षा होत राहील, कागद मागाहून येईल, आणि नाल्यात भराव ओतणे जारी ठेवले. येथवर सरकारी कामकाज. परंतु हेच वर्तमान घरी पोहोचले तेव्हा खरा रणसंग्राम पेटला, कारण त्या नव्या रस्त्याची वाट झुंबरआप्पा जैसी पाहत होते तैसी त्यांनी स्वतःच्या वरातीचीही पाहिली नव्हती. त्यांनी ताटावरूनच फर्मान काढले की आजपासून लेकीशी बोलणे बंद, जे सांगणे ते तिच्या आईच्या मारफत. आई लताबाई, दोन्ही दरबारांच्या वकील, मध्ये भाकरी थापीत बसल्या होत्या. त्या दिवशीचे बोल अस्सल ते ऐसे:

"लता, सांग तुझ्या साहेबाला, टेम्पोचे पाटे मोडले माझे त्या वळणावर. दोनदा."

"आई, सांग त्यांना, पाटे बदलता येतात."

"सांग तिला, महिना झाला तोच दगड माझ्या चाकाखाली हाय. अख्खा टेम्पो धरून ठिवतो. भरला टेम्पो! आन ही म्हनती टिकनार नाय."

"सांग त्यांना, कोरड्यात सगळेच टिकतात."

"अवो, मी काय टेलिफोन हाय का?" लताबाई परात आपटून गरजल्या. "दोघं समोरासमोर बसलाय, गुडघ्याला गुडघा लागतोय, आन मला बोलायला लावता! बोला नीट, नायतर मी चालले येवल्याला माहेरी. यष्टी फाट्यावर उभीच असती."

आप्पांनी पाणी पिऊन तांब्या ठेवला आणि भिंतीस सांगितले, "रस्ता झाला की पयला टेम्पो माझा जानार. कोन आडवतं बघू."

हे ऐकिले आणि संजनेचा घास हातात राहिला. भराव म्हणजे इतके तितके फूट माती, अमुक इतका उतार, ऐसे तिच्या डोक्यात आजवर होते. आता त्या उतारावर निळा टेम्पो दिसू लागला, मागे द्राक्षांचे क्रेट, खाली पहिल्या पावसाने फुगलेली राखी माती, आणि काचेआड मान पुढे काढून बसलेला आप्पा, ज्याला वळणावर मान पुढे काढावयाची सवय. बखरीत याची नोंद एवढीच की बाईसाहेब अर्धी भाकर ठेवून उठल्या.

दुसरे दिवशी बाईसाहेब नमुने हस्तगत करावयास टेकाडावर स्वार जाहल्या. तेथे पोक्लेनच्या तख्तावर राजश्री भिकन, सटाण्याकडील बहाद्दर, बसले होते. बागलाणच्या त्या मुलुखी अहिराणी चालते, आणि अहिराणीत 'आहे' यास 'शे' म्हणतात, हे वाचणाऱ्यांनी ध्यानी धरावे, कारण पुढील सर्व अनर्थ या एका अक्षरातून उपजला.

"भिकनभाऊ, ही थराथराची निघते ना, ही शेल आहे."

"शे ना, ताई. पन काय शे?"

"शेल."

"हां, शे. माले बी दिखस. शे ते शे, पन नाव काय शे?"

"नावच शेल आहे, भाऊ."

भिकनरावांनी पोक्लेन बंद केला, कानातील बोळा काढला, आणि मोठ्या कळवळ्याने म्हणाले, "ताई, आमना सटाणाकडे नुसतं शे म्हनीसन भागत नही. काय शे ते सांगनं पडस."

इतक्यात शेठांचा फोन येऊन भिकनरावांस पलीकडच्या मोर्चावर जाणे पडले आणि वाटाघाट अर्धी राहिली. बाईसाहेबांस तातडीने नाशकास हजर होणे होते, सबब त्यांनी फाट्यावर स्कूटी थांबवून फोनला तोंडी मजकूर सांगितला आणि फोनने तो टिपून भिकनरावांकडे रवाना केला. बाईसाहेब बोलल्या 'शेल'. फोन मराठी नवाच शिकलेला. त्याने आपल्या अकलेने दुरुस्ती केली. जे पोहोचले ते ऐसे:

'भिकनभाऊ, उद्या सकाळी शेळी लॅबला पाठवा, टेस्ट करायची आहे. चांगली निवडून पाठवा. पाणी लागू देऊ नका.'

भिकनरावांचा जीव भांड्यात पडला. अखेर ताई काय शे ते बोलल्या. त्यांनी मजकूर वाचला, शेजाऱ्यास वाचून दाखविला, आणि 'टेस्ट' या शब्दाचा अर्थ सर्वानुमते एकच निघाला: बाईसाहेबांनी हत्यार खाली ठेवले, सही होणार, आणि त्याप्रीत्यर्थ लॅबात मटणाचा बेत आहे. मग गावातील कुसाबाईच्या गोठ्यातून काळ्या कानांची एक खाशी शेळी निवडून आणिली, आणि ती नाशकास पोहोचविण्याची बारबरदारी झुंबरआप्पांकडे सोपविली. आप्पांच्या आनंदास पारावार राहिला नाही. लेक शहाणी जाहली! त्यांनी पहाटे बोअरचा पाइप लावून टेम्पो सचैल धुतला, चाकाखालचा दगडही त्यात न्हाऊन निघाला, मग उन्हे येताच टेम्पो वाळला आणि दगडही वाळला, आणि आप्पांनी तो उचलून सर्वांस दाखविला की पहा, पाणी लागले आणि काही जाहले नाही. शेळीस मात्र हुकुमाबरहुकूम पाण्याचा थेंबही लागू नये म्हणून ताडपत्री पांघरली, आणि ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या चारी कोपऱ्यांवर राखी दगडाचे ढीगभर तुकडे ठेविले.

वाचणारे सुज्ञ आहेत. शेल ती शेळीच्या पायी नाशकास निघाली.

नाशिक मुक्कामी प्रयोगशाळेच्या किल्लेदार उज्वला मॅडम. चष्मा दोरीला, आवाज खर्जात, आणि तोलकाट्यापाशी कोणी जोराने श्वास घेतला तरी त्यांची इतराजी होई. संजना फाटकाशी नमुन्यांची वाट पाहत उभी असता निळा टेम्पो उतारावर येऊन थांबला, आप्पा उतरले, चाकाखाली दगड लावला, भोंगा वाजविला, मागील फळी पाडली आणि ताडपत्री दूर केली. आत शेळी.

"आप्पा, हे काय?"

आप्पांचा अबोला अद्याप मोडला नव्हता. त्यांनी शेळीकडे पाहून सांगितले, "सांग गं तुझ्या साहेबाला. मागितली तशी आनली. कोरडी आनली."

"मी कधी मागितली?"

"सांग तिला, फोनवर हाय लिहिलेलं. आन म्हणावं मसाला घरून आनला असता, आईला सांगितलं असतं तर."

संजनेने फोन काढला, मजकूर पाहिला, आणि कपाळास हात मारून घेतला. उज्वला मॅडम खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाल्या, "गांगुर्डे, आपल्या ढोलात ही मावायची नाही." मग संजना हसू लागली. बहुत दिवसांनी हसली, टेम्पोची फळी धरून हसली, आणि हसता हसता तिचे लक्ष ताडपत्रीच्या कोपऱ्यांकडे गेले. राखी तुकडे. मुठीत मावणारे, कोरडे, पाणी न लागलेले, जैसे शास्त्रात सांगितले तैसे.

"आप्पा," ती म्हणाली, "थँक्यू."

आप्पा गोंधळले. शेळीस विचारते जाहले, "कशाबद्दल म्हनती?"

तुकडे भट्टीत गेले. ते सुकून निघाले तो रोहितशेठही शुभ्र शर्टानिशी दाखल जाहले. ढोल पाण्यात फिरला. सर्व श्वास रोखून उभे, उज्वला मॅडमचा हुकूमही तैसाच होता. ठरलेले फेरे पुरे होऊन जाळी उघडली तो काय, पाणी थोडे गढूळ, परंतु तुकडे बहुतेक सारे साबूत. ते पुन्हा भट्टीत सुकवून दुसरे दिवशी तोल घेतला, तो शेकडा नव्वदाच्या वर माल शिल्लक. शेठांनी तेथल्या तेथे पेढे मागविले. आप्पांनी एक पेढा शेळीस दिला आणि लेकीकडे न पाहता लेकीस ऐकू जाईल ऐसे म्हणाले, "दगड तो दगडच."

"शेठ, अजून एक पाणी बाकी आहे," संजना म्हणाली.

"मॅडम, पास म्हणजे पास. दहावीला पास झालेल्या पोराला कोणी परत बसवतं का?"

"शेठ, पावसाळा एकदाच येतो का?"

शेठ हसले, गळ्यातली साखळी सारखी केली आणि डिक्री फर्मावली की उद्या दुपारी धामणदऱ्यास भरावावर नारळ फुटेल, फीत कापली जाईल, आणि पहिला टेम्पो झुंबरआप्पांचा पार जाईल. दुसरे पाणी ज्यास पाजायचे त्याने सावकाश पाजावे.

(येथे दोन ओळी होत्या. शेळीने खाल्ल्या. आमच्या आठवणीप्रमाणे त्यांत शेठांच्या शर्टाची आणखी स्तुती होती, सबब नुकसान थोडे.)

दुसरे दिवशी सकाळी उज्वला मॅडमनी सुकलेले तुकडे दुसऱ्या पाण्यासाठी ढोलात घातले आणि निकाल लागताच फोनवर कळविण्याचा करार केला. संजना स्कूटीवर स्वार होऊन धामणदऱ्याकडे दौडली. तिने ठरविले होते की निकाल येईतो आप्पास भरावावर जाऊ द्यावयाचे नाही. कैसे अडवावे हे मात्र ठरले नव्हते. बापास अडविण्याचे कलम खात्याच्या नियमांत कोठे आढळत नाही.

रणभूमी सजली होती. नाल्यावर राखी भरावाचा पट्टा पडलेला, त्याच्या तोंडाशी मंडप, मंडपात खुर्च्या, आणि रस्त्यावर आडवी लाल फीत. रोलर फिरवताना भरावास एक पाणी आधीच मिळाले होते आणि मधल्या उन्हात तो वाळलाही होता. आता पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून शेठांनी टँकर बोलावून त्यावर पुन्हा सडा घालविला. वरच्या चढावर आप्पांनी टेम्पो उभा केला, मागच्या चाकाखाली आपला इमानी दगड लावला, आणि त्याच टँकरच्या पाइपाने टेम्पो दुसऱ्यांदा सचैल न्हाऊ घातला. हौद्यात शेळी होती, तिला आज कुसाबाईकडे परत सोडावयाची होती. पाण्याचे ओहोळ चाकाखालून वाहिले आणि दगडाभोवती तळे साचले. कोणी पाहिले नाही. पाहुणे अद्याप वाटेत होते, भिकनराव नारळ धरून उभे होते, आणि शेठ फीत नीट ताणली की नाही ते पाहत होते.

संजना स्कूटी टाकून चढ चढली आणि टेम्पोच्या तोंडाशी बापासमोर उभी राहिली.

"आप्पा, आज नका जाऊ."

आप्पांनी इकडेतिकडे पाहिले. लताबाई मंडपात होत्या, शेळी हौद्यात होती. मध्यस्थ कोणी जवळ नव्हते.

"आप्पा, माझ्याशी बोलू नका हवं तर. पण निकाल येईपर्यंत थांबा. दहा मिनिटं. माझी शपथ आहे."

"तू..." आप्पा बोलते जाहले, आणि तो शब्द लेकीस उद्देशून होता हे दोघांसही कळले. "तू लहान होती तवा ह्याच टेम्पोत बसून शाळेला गेली. त्या वळणानं. पाऊस असू दे, काय असू दे. एक दिवस चुकवला नाय मी. आन आता सरळ रस्ता झाला तर तू म्हनती..."

तेव्हा चाकाखाली पचकन् आवाज झाला.

मोठा नव्हे. ओल्या भाकरीत बोट रुतावे तेवढा.

येथे बखरीची भाषा सुटते. टेम्पो हलला. आप्पा त्याच्या पुढे उभे होते. संजनेने आप्पांचा हात धरून ओढले. दोघे गवतात पडले. टेम्पो त्यांच्या शेजारून गेला, सावकाश, अगदी सावकाश, जणू त्यास काही घाई नव्हती. आत चालक नाही. मागे शेळी. "आप्पा." "मी हाय." "आप्पा." "अगं हाय मी, हात सोड, दुखतोय." तिने सोडला नाही.

आता पुन्हा मूळ मजकूर. तो निळा टेम्पो, स्वाराशिवाय, धुतलेला, चकचकीत, उतार उतरून मंडपाकडे चालता जाहला, आणि मंडळींनी खुर्च्या सोडून दोहो बाजूंस रस्ता दिला, जैसी कोण्या मोठ्या सरदाराची स्वारी यावी, आणि टेम्पोने पाहुण्यांची वाट न पाहता लाल फीत छातीवर घेऊन तोडिली, शेळीने हौद्यातून मान उंच करून एकदा बें करून उद्घाटनाचे भाषण केले, आणि मग टेम्पो भरावावर गेला. रिकामा टेम्पो, एक शेळी वजनाला. सडा पडलेल्या त्या भरावात त्याची पुढची चाके रुतली, मग मागची रुतली, मग धुरा टेकला, आणि टेम्पो जेथल्या तेथे, फीत गळ्यात घालून, नवरदेवासारखा शांत बसला.

कोणास दुखापत नाही. शेळीने उडी मारली आणि मंडपाचे तोरण खावयास घेतले.

मग संजनेचा फोन वाजला. उज्वला मॅडमनी तस्वीर पाठविली होती: जाळीच्या ढोलात मूठभरही दगड नाही, खालच्या पाण्याचा रंग चहासारखा, आणि त्याखाली त्यांच्या स्वभावास शोभेल ऐसा एकच शब्द: 'गेला.'

संजनेने ती तस्वीर कोणास दाखविली नाही. दाखविण्याची गरज उरली नव्हती. आप्पा उठले, कपडे झाडले, आणि जेथे टेम्पो उभा होता त्या जागी जाऊन खाली बसले. महिनाभर ज्याने चाकरी केली त्या इमानी दगडाच्या जागी राखी लगदा पडला होता. आप्पांनी तो हाती घेतला. बोटांतून गळाला. मग त्यांनी खाली भरावात रुतलेल्या टेम्पोकडे पाहिले, आणि काही वेळ पाहतच राहिले. मागे क्रेट असते तर, आणि पावसाळा असता तर, आणि आपण मान पुढे काढून आत बसलो असतो तर, ऐसे काही त्यांच्या मनात आले की नाही ते आम्हांस ठाऊक नाही. त्यांनी तोंडावरून हात फिरविला आणि तोंडास राखी चिखल लागला, एवढे मात्र सर्वांनी पाहिले.

रोहितशेठ शर्टावरचे शिंतोडे झटकीत आले. "हे काय झालं, आप्पा? काय आहे हे?"

उत्तर भिकनरावांनी दिले. ते नारळ तैसाच हाती धरून उभे होते. त्यांनी वाकून आप्पांच्या तळहातात पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, बहुत दिवसांचे कोडे सुटावे तैसा उजेड पडला.

"शेल व्हतं, शेठ," ते म्हणाले. "आते गारा शे."

गारा म्हणजे चिखल. हे शेठांसही कळत होते.

पुढे तह जाहला तो ऐसा. राखी भराव सारा उकरून काढावा, टेकाडाच्या पलीकडील खाणीतून पक्का काळा मुरूम आणावा, त्याचीही परीक्षा दोन पाण्यांची व्हावी, आणि मग रस्ता व्हावा. शेठांनी मंजूर केले, कारण नामंजूर करावयाचे तर फीत घातलेला टेम्पो अद्याप भरावात बसला होता आणि गावची पोरे त्यासोबत फोटो काढीत होती. टेम्पो शेवटी शेठांच्याच पोक्लेनने ओढून काढिला. द्राक्षकाढणी त्या वर्षी जुन्या वळशानेच गेली. आप्पांनी आणखी एकदा पाटे बदलले. ही या विजयाची किंमत, आणि ती लपविण्याचे आम्हांस कारण नाही. पेढ्यांचे पैसे शेठांनी सोसले, शेळी कुसाबाईच्या गोठ्यात सुखरूप पोहोचती जाहली, आणि तिला आता गावात लोक शेलताई म्हणतात.

राहिले एक वर्तमान. त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळी, संजना कामावरून येऊन ओट्यावर बसली होती, तो झुंबरआप्पा टेकाडाकडून चालत आले. काखेत एक काळा पाषाण, पाचरीच्या घाटाचा, हुबेहूब जुन्या दगडाच्या मापाचा. त्यांनी तो लेकीपुढे ठेविला. लताबाई चुलीशी होत्या, परंतु आप्पांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"संजे," ते म्हणाले. "ह्याच्यावर सही करती का?"

संजनेने दगड हाती घेतला, वजन पाहिले, नखाने खरवडला. खरवडला जाईना.

"हँडब्रेक दुरुस्त करून घ्या, आप्पा."

"घेईन ना. तवर लागंल का नको?"

"मग बादली आणा."

आप्पांनी बादली आणिली. दगड पाण्यात सोडला. बाप-लेक ओट्यावर बसून बादलीकडे पाहत राहिले, आणि लताबाईंनी आतून विचारले की काय चाललंय, तर दोघे एकदम म्हणाले, "परीक्षा." मग दगड काढून चुलीपाशी सुकत ठेविला, आणि लताबाईंनी तो दोनदा पायाखाली आला म्हणून दोघांस बोल लाविले. सुकल्यावर आप्पांनी तो दिव्याजवळ धरून पाहिला आणि पेन पुढे केले.

संजनेने पेन घेतले नाही. बादली पुढे सरकविली.

"आता काय?" आप्पा म्हणाले.

"दुसरं पाणी, आप्पा."

आप्पांनी उसासा टाकला, आणि मग जे हसले ते बादलीतले पाणी हलेल ऐसे हसले, आणि दगड पुन्हा पाण्यात सोडला.

येणेप्रमाणे मौजे धामणदऱ्याची फत्ते जाहली. दुसरे पाणी पुरे जाहले, दगड तसूभरही झिजला नाही, आणि त्याच्या पाठीवर लाल रंगाने 'संजना झुंबर गांगुर्डे' ऐसी सही पडली, ती आजही निळ्या टेम्पोच्या मागच्या चाकाखाली, वाकून पाहणाऱ्यास वाचता येते. लिहिण्यात काही चुकले असल्यास दोष शेळीचा. मोर्तब.